निळी चिंधी

बंधू-भगिनींनो, वडीलधाऱ्यांनो आणि मागच्या रांगेत शेंगा सोलत बसलेल्या मंडळींनो — कृपया इकडे लक्ष द्यावं. अत्यंत गंभीर, अत्यंत महत्त्वाची आणि सर्व संबंधितांच्या पोटाशी थेट निगडित अशी एक घोषणा आता करण्यात येत आहे. काही वर्षांपूर्वी, भर थंडीतल्या एका रविवारी, जळगावजवळ नशिराबादच्या शिवारात भरिताच्या फोडणीला फेस आला होता. त्या फेसाचं खरं कारण आजवर कोणालाही कळलेलं नाही. ते आज जाहीर होत आहे. लहान मुलांना जवळ घेऊन बसावं.

हं. हसलात ना?

हीच माझी खोड. जे सांगायचं आहे ते मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही — माझ्या बायकोला, मंगलला नाही, वसंताला नाही, कुसुमवहिनींना तर नाहीच — आणि आज कागदावर लिहायला बसलो, तरी सुरुवात केली ती जणू माईक हातात घेऊनच. कारण मला दुसरं काही येत नाही. पोटासाठी मी विमा विकतो, पण माझा खरा धंदा बोलण्याचा. वरात उशिरा आली, पाहुणे कंटाळले, साहेबांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात साहेबच रडायला लागले, की लोक म्हणतात, अरुणभाऊंना बोलवा. मी उभा राहतो. लोक हसायला लागतात. एवढं सोपं आहे ते.

तुम्ही जळगावचे असाल तर फेस आलेल्या भरिताची गोष्ट कदाचित ऐकलीही असेल. माझ्याकडून, नाहीतर माझ्याकडून ऐकलेल्या कोणाकडून. एखाद्या साखरपुड्यात, जेवणाआधी. ती गोष्ट खरी आहे. भरीत खरं, फेस खरा, उलट्या करणारे आबा खरे. फक्त त्या गोष्टीतून मी एक माणूस काढून टाकलेला आहे. तो आज परत घालतो.

पण आधी वसंता.

वसंता माझा शाळेपासूनचा मित्र. त्याची निम्मी हयात एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात गेली. आमच्याकडे जुन्या प्लास्टिकच्या चटया होतात आणि कुठे कुठे जातात. लग्नात तुम्ही ज्यावर बसता ती आमच्याकडचीच असण्याचा संभव दाट. तिथे भंगार निवडतात त्या शेडवर वसंता देखरेखीला होता. फुटक्या बादल्या, खुर्च्या, पाइपाचे तुकडे, सगळ्याचं काहीतरी व्हायचं. पण तेलाच्या पिशव्या आल्या की त्यांना कोणी हात लावत नसे. धुवावं तर तेल जात नाही, वाळवावं तर माती बसते. बाजूला ढीग पडायचा, आणि वारा सुटला की त्या पिशव्या उडून शेजारच्या कपाशीत जाऊन बसायच्या. वसंता घरी येऊन जेवायला बसला की त्याला आमटीतही तीच पिशवी दिसते, असं त्याची बायको, कुसुमवहिनी, सांगायच्या. माणूस मुळात कमी बोलणारा. एक दिवस तो एवढंच म्हणाला की आपण पिशवीच नको ठेवूया, आणि नोकरी सोडून आला.

मग त्याने दुकान काढलं. घराच्याच पुढच्या खोलीत. खोलीला दोन खिडक्या होत्या. उजव्या खिडकीत कुसुमवहिनी बसायच्या — घाण्यावरचं शेंगदाण्याचं तेल, तिळाचं तेल. डाव्या खिडकीत वसंता — भांड्यांचा साबण, कपड्यांचा साबण, फिनेल. सगळं पातळ, सगळं पिंपातून. मधे त्याने विटांची कमरेएवढी भिंत घातली. इकडचं माप तिकडे जायचं नाही, तिकडचं नरसाळं इकडे यायचं नाही. दारावर पाटी होती: आपला डबा आणा, भरून न्या. लोक म्हणायचे डब्याचं दुकान.

आणि वहिनींची एक पद्धत होती. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डब्याच्या गळ्याला त्या चिंधी बांधायच्या. तेलाच्या डब्याला लाल, साबणाच्या डब्याला निळी. लाल चिंध्या त्यांच्या जुन्या साडीच्या, निळ्या वसंताच्या कारखान्यातल्या गणवेशाच्या. सगळ्यांकडे तेच पारदर्शक डबे, घरी गेल्यावर कोणी घाईत एकाच्या जागी दुसरा उचलू नये म्हणून ही सोय. चिंधी नसेल तर डबा भरायचा नाही. आणि भरण्याआधी डब्याच्या तोंडाशी नाक नेऊन वास घ्यायचा. दरवेळी. ओळखीचा असो, अनोळखी असो. मी म्हणायचो, वहिनी डब्याची पापी घेतल्याशिवाय त्याला पोटभर देत नाहीत. त्या हसायच्या, पण वास घ्यायच्याच. वहिनी धुळ्याकडच्या. दुकानात शुद्ध बोलायच्या. घाबरल्या किंवा चिडल्या की तोंडून अहिराणी निघायची.

दुकान चाललं. का चाललं, हे मी सांगितलं तर फुशारकी वाटेल, पण चाललं ते माझ्यामुळे. वसंताला बोलता येत नसे आणि मला गप्प बसता येत नसे, जोडी जमली. मी आमच्या कॉलनीत कॅरीबॅगची अंत्ययात्रा काढली. खरी तिरडी, वर एक भली मोठी काळी पिशवी, आणि पुढे मडकं धरून मी. बायका पदराआड हसत होत्या, दोघी-तिघी खऱ्या रडल्या, सवय असते. नंतर बारावंही घातलं, जिलबीसकट. (जिलबी कशातून आणली ते विचारू नका. — नाही, विचारा. आज विचारा. कॅरीबॅगमधून आणली. मीच.)

पण खरंच सांगतो, काही महिने आमची कॉलनी पाहण्यासारखी होती. सकाळी बायका हातात डबे घेऊन निघायच्या, डब्यांच्या गळ्यात लाल-निळ्या चिंध्या. घंटागाडीवाला थांबून विचारायचा की तुमच्याकडे लोक जेवतात की नाही, कचरा कुठे जातो तुमचा? वसंता हे ऐकून पाटी पुसायचा.

आता रविवार येतो. म्हणजे आधी शनिवार.

थंडीत आमच्याकडे भरीत पार्टी होते, हे खानदेशाबाहेरच्यांसाठी. शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची, बडगीत — म्हणजे लाकडी कुंडीत — ठेचायची, वरून कांद्याची पात, मिरची, लसूण, शेंगदाण्यांची सणसणीत फोडणी, आणि सोबत पुऱ्या. त्या वर्षीची कॉलनीची पार्टी आबांच्या शेतात ठरली. आबा म्हणजे कॉलनीतले सर्वांत ज्येष्ठ, नशिराबादला त्यांची जमीन. मी जाहीर करून टाकलं की ही पार्टी प्लास्टिकशिवाय होईल. पाणी पिंपात, पेले ज्याचे त्याने घरून आणायचे, जेवण केळीच्या पानावर, तेल डब्याच्या दुकानातलं. पानं आणायला मी वसंताला सावद्याला पाठवलं. तेलाची जबाबदारी मी घेतली. कारण तेलाबरोबर एक भाषण होतं.

माझ्या घरी तेलाचा डबा होता, लाल चिंधीचा. रोजच्या वापरातला. बाहेरून चिकट, पिवळट, त्यावर धूळ बसलेली. असा डबा शंभर लोकांपुढे उंच धरून कसा उभा राहणार? मला तो उन्हात धरायचा होता. मागून ऊन यावं, तेल सोन्यासारखं दिसावं, आणि मी म्हणावं — जाऊ द्या, काय म्हणणार होतो ते आता महत्त्वाचं नाही. न्हाणीघरात साबणाचा डबा होता, निळ्या चिंधीचा. साबणामुळेच तो काचेसारखा स्वच्छ दिसत होता. तळाशी थोडा साबण उरला होता, तो मी बादलीत ओतला. डबा विसळला.

किती वेळा विसळला? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलोय की चांगला तीन-चार वेळा. एकदाच विसळला. पाणी घातलं, हलवलं, फेकलं, खिडकीकडे धरून आरपार पाहिलं आणि खूश झालो. वाळवलाही नाही. निळी चिंधी कात्रीने कापली आणि जाकिटाच्या खिशात टाकली. तेलाच्या डब्यावरची लाल चिंधी गाठीसकट सरकवून काढली आणि या डब्याच्या गळ्यात घातली. मंगल पुऱ्यांच्या तयारीला शेजारी गेली होती. मला कोणी पाहिलं नाही.

दुकानात गेलो तर वहिनी एकट्या. वसंता सावद्याला — माझ्याच कामाला. त्या उजव्या खिडकीतून डाव्या खिडकीत, डावीतून उजवीत, धावत होत्या. दोन्हीकडे गिऱ्हाइकं. एरवी असं कधी होत नसे. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी लाल चिंधी पाहिली, झाकण काढलं आणि डबा नाकाकडे नेला.

आणि मी म्हणालो, वहिनी, आज तरी पापी राहू द्या, लोक बघताहेत.

आख्खी रांग हसली. वहिनी लाजल्या, त्याही हसल्या. डबा खाली घेतला आणि भरला.

तुम्हाला कळतंय ना मी काय सांगतोय? ते नाक त्या दिवशी डब्यापासून चार बोटांवर होतं. मी ते हसवून बाजूला केलं.

रविवारी सगळं माझ्या मनासारखं झालं. ऊन होतं. मी डबा उंच धरला, बोललो, टाळ्या पडल्या. तोच डबा वहिनींच्या हातात दिला, कारण फोडणी त्यांच्याच हातची हवी असा सगळ्यांचा आग्रह. मोठी कढई होती. तेल तापेपर्यंत काही नाही. मग ते तडतडायला लागलं, नुसतं तेलच. वहिनींनी लसूण-मिरची टाकली, आणि कढईत फेस चढू लागला. पांढरा. दूध उतू जातं तसा. लोक म्हणाले पाण्याचा थेंब पडला असेल. कोणी म्हणालं, टाका टाका, वांगी निवताहेत. फोडणी भरितावर पडली. पहिल्या पंगतीला वडीलधारे बसले होते. आबांनी घास घेतला, चावला, थांबले.

"याले तं साबनाचा वास येऊन राह्यला," आबा म्हणाले.

आणि उठून बांधाकडे गेले. त्यांच्या मागून आणखी दोघे. तिथून येणारे आवाज सगळ्यांना ऐकू येत होते.

मग जे शांत झालं, ते मला अजून आठवतं. शंभर माणसं आणि फक्त काड्या जळण्याचा आवाज. कोणीतरी विचारलं, तेल कुठलं? उत्तर सगळ्यांना माहीत होतं, दहाच मिनिटांपूर्वी मी ते उन्हात धरून सांगितलं होतं. सगळ्यांनी डब्याकडे पाहिलं. मग वहिनींकडे. आणि मग माझ्याकडे, कारण अशा वेळी बोलायचं काम माझं. मी हात जाकिटाच्या खिशात घातला — उभं राहायची माझी पद्धत आहे ती — आणि बोटांना चिंधी लागली.

तिथे सांगायचं होतं. एक वाक्य होतं. डबा माझा चुकला. लोक ओरडले असते, हसले असते, आठवडाभर चिडवलं असतं. बस. एवढंच झालं असतं! मला एवढंही नको होतं. मला तर ती शांतताही नको होती. शंभर लोक माझ्याकडे बघताहेत आणि हसत नाहीत, हे मला कधी सहन झालेलं नाही.

"घाबरू नका मंडळी," मी म्हणालो. "कुसुमवहिनींची नवी योजना आहे. जेवण आणि भांडी घासणं, एकाच फोडणीत!"

जो हशा पिकला! बांधावरून परत येणारे आबासुद्धा डोळे पुसत हसले. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. कोणी वहिनींवर ओरडलं नाही, कोणी वाकडं बोललं नाही. त्याची गरजच उरली नव्हती. मी सगळ्यांच्या वतीने ठरवून टाकलं होतं की हात कोणाचा चुकला.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांच्या एका हातात झारा होता. दुसरा हात त्यांनी नाकाशी नेला आणि स्वतःच्या बोटांचा वास घेतला.

मी विस्तवाजवळ उकिडवा बसलो, हात शेकतोय असं दाखवून, आणि निळी चिंधी काड्यांमध्ये सारली. ती पेटली नाही. गणवेशाचं कापड, त्यातही प्लास्टिकच. आवळत गेली, वितळली, एक काळा मणी झाला. वास मात्र आला. प्लास्टिक जळल्याचा. आमच्या प्लास्टिक नसलेल्या पार्टीत.

आबांना सलाइन लावावं लागलं, संध्याकाळी घरी आले, दुसऱ्या दिवशी शेतात हिंडत होते. शरीराचं कोणाचं काही बिघडलं नाही. हे मी आजवर स्वतःला फार वेळा सांगितलंय.

इथवर सांगितलेलं मी कदाचित कोणाजवळ तरी बोलून गेलो असतो. मित्रांत, हसत हसत. यापुढचं नाही.

दोन दिवसांनी, दुपारी, वसंता आणि वहिनी माझ्या घरी आले. वहिनी आत येईनात. उंबऱ्याशीच उभ्या. मंगलने हात धरून आत आणलं, तर खुर्चीच्या टोकावर बसल्या. त्यांनी दोन दिवस तो शनिवार आठवायचा प्रयत्न केला होता. कोणतं माप कोणत्या हाताने उचललं, डावीकडून उजवीकडे येताना काही हातातच राहिलं का. त्यांना आठवत नव्हतं. गर्दी होती, एवढंच आठवत होतं. आणि वास घेतला नाही, हे आठवत होतं. मी केलेल्या विनोदाचा विषय त्यांनी काढलासुद्धा नाही. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"भाऊ, डबा लालच होता ना?"

वसंता माझ्याकडे पाहत होता. मंगल चहाचं आधण ठेवायला वळली होती.

"लालच होता वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, मग माझाच हात चुकला. आणि दोन्ही हात जोडून त्यांनी माझी माफी मागितली. त्यांच्यापायी मला एवढ्या लोकांत खाली पाहावं लागलं म्हणून. माझी.

आणि मी — हेच ते, इतका वेळ ज्याच्याभोवती फिरत होतो — मी त्यांना माफ केलं.

नुसतं केलं नाही, छान केलं. मला येतं ते. मी म्हणालो, वहिनी, हात काम करतो म्हणून चुकतो, मनाला लावून घेऊ नका, तुम्ही मला बहिणीसारख्या. माझा आवाज भरून आला, अगदी जागच्या जागी. मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. आपला नवरा किती मोठ्या मनाचा, असं तिला वाटलं. त्या रात्री तिने मला तसं बोलूनही दाखवलं. वहिनी पदराने तोंड पुसून म्हणाल्या की भाऊ, तुम्ही होतात म्हणून. वसंताने चहा घेतला नाही. कप खाली ठेवून तो फरशीकडे बघत राहिला.

त्यानंतर उजव्या खिडकीत वहिनी भरायच्या आणि मागे वसंता उभा राहून बघायचा. तो त्यांना एका शब्दाने बोलला नव्हता. त्यांनीच त्याला तसं उभं राहायला सांगितलं होतं. प्रत्येक डब्याचा वास त्या घ्यायच्या, मग त्याला द्यायच्या, मग परत स्वतः घ्यायच्या. रांग खोळंबायची. हातांना साबणाचा वास येतोय म्हणून त्या मधेच उठून हात धुवायच्या. अर्थात साबणाने. मग परत वास यायचा.

आणि माझं काय चाललं होतं? मला एक नवी गोष्ट सापडली होती. पहिल्यांदा सांगितली ती भुसावळच्या एका लग्नात, नवरदेवाचा मामा रुसून बसला होता तेव्हा. अशी रंगली की मामा उठून जेवायला आला. मग मागणी यायला लागली. सावद्याला सांगितली, पाचोऱ्याला सांगितली. दरवेळी थोडी धार लावली. वहिनींचा आवाज काढायला लागलो. डब्याला नाक लावायची नक्कल करायचो, तिथे हमखास टाळी. नाव घेत नव्हतो — एक वहिनी, म्हणायचो — पण जळगावात डब्याचं दुकान एकच होतं. लोक दुकानासमोरून जाताना हसत जायचे. हसत जाणारा माणूस डबा भरायला थांबत नाही. थांबलाच तर विचारायचा, वहिनी, तेल तेवढं द्या, भांडी आम्ही घरी घासू.

आधी उजवी खिडकी बंद झाली. मग डावी. मग ते दोघे धुळ्याला गेले, वहिनींच्या भावाच्या आधाराने. वसंता तिथे शेतीच्या औषधांच्या दुकानात बसतो. आमच्या कॉलनीत पिशव्या परत आल्या. माझ्याही घरी आल्या. तेल ओतताना मी पिशवीचा कोपरा कापतो आणि तो छोटा तिकोनी तुकडा कुठेतरी उडून पडतो. मंगल तो झाडूने गोळा करते. ती काही म्हणत नाही. तिला म्हणण्यासारखं काही माहीतच नाही.

का नाही सांगितलं? कारणं मला भरपूर सुचतात, सुचण्याचाच तर धंदा आहे माझा. ती इथे लिहीत नाही. लिहिली तर चांगली उतरतील, आणि तुम्हाला पटतीलही.

या थंडीत धुळ्याला एका निवृत्तीच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. सभागृह भरलं होतं. मधेच पुढच्या रांगेतून फर्माइश झाली: भाऊ, ती फेसाची होऊ द्या. मी तोंड उघडलं आणि मागच्या दाराशी वसंता उभा दिसला. पत्रिकेत माझं नाव वाचून आला होता. केस पूर्ण पांढरे. मी दुसरीच काहीतरी गोष्ट सांगितली, पडली ती. कार्यक्रमानंतर तो जवळ आला, माझी बॅग घेतली. त्याच्या गाडीपाशी पोचल्यावर म्हणाला, आज ती नाही सांगितली? रागाने नाही. सहज. चांगली सांगतो म्हणे तू, असंही म्हणाला, आणि किक मारली.

मी त्याच्या मागे बसलो. रस्ताभर त्याच्या पाठीकडे बघत एक वाक्य जुळवत होतो. डबा लाल नव्हता. डबा लाल नव्हता वहिनी. एवढंच. साधं, कुठे आवाज न भरता. इतकी भाषणं केली, कधी पाठ करावं लागलं नाही. हे पाठ करत होतो.

वहिनींना माझं येणं फार गोड वाटलं. त्यांनी भरीत केलं होतं. मुद्दाम, माझ्यासाठी. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पाहिलं. फळीवर तेलाच्या पिशव्या एकावर एक रचलेल्या होत्या. कंपनीच्या, सीलबंद. यंत्राने भरलेलं असलं की काळजी नाही, वहिनी म्हणाल्या, माणसाच्या हाताचं काय सांगावं. त्यांनी एक पिशवी कापली, वास घेतला. वसंतापुढे धरली. त्याने बिनबोभाट वास घेतला, जणू रोजचंच आहे, आणि मान हलवली. त्यांनी पुन्हा घेतला. मग तेल कढईत घातलं आणि तापेपर्यंत त्यावरून नजर हलवली नाही.

ताट वाढलं. भरीत, पुरी, पातीचा कांदा. वसंता माझ्या शेजारी बसला, वहिनी समोर. वाक्य तोंडात तयार होतं. मी पुरीचा तुकडा मोडला, भरीत घेतलं, हात वर नेला, तोंड उघडलं — घासासाठी की त्या वाक्यासाठी, मला अजून ठरवता आलेलं नाही — आणि तेवढ्यात वहिनींनी पुढे वाकून माझं मनगट धरलं. त्यांच्या हातावर धुऊन धुऊन पडलेल्या भेगा होत्या.

"थांबा भाऊ, पहिले मी खाई देखस."